गऊमावशीच्या विहिरीतलं हिरवं

“बाईमाणसानं विहिरीत उतरायचं नाही,” मुकादम म्हणाला. “पाणी लागेपर्यंत तरी नाही. आमच्यात चालत नाही.”

माझा एक पाय क्रेनच्या डब्यात आणि एक काठावर होता. “का? माझ्या पायाला काय पाणी पिणारं भोक आहे?”

क्रेनवाला फिसकन हसला. मुकादम हसला नाही. यल्लाप्पा धोत्रे त्याचं नाव. विहिरी खोदण्यात हयात गेलेली, हाताच्या कातड्याचाच दगड झालेला.

“मस्करी नाही बाई. मागं एका मालकाची सून हौसेनं उतरली होती. पार खालपर्यंत गेलो, टिपूस लागला नाही. शेवटी मालकानं खापर कुणावर फोडलं? आमच्यावर.”

“आणि ती सून उतरली नसती तर पाणी लागलं असतं, हे तुला कुणी सांगितलं? वरुणदेवानं?”

“तुम्ही कायबी म्हणा. बाई उतरली तर माझी माणसं खाली जाणार नाहीत.”

माझं डोकं मुळातच तापट. सासू म्हणायची, हिच्या डोक्यावर तवा ठेवा, सरपण वाचेल. पण विहीर माझी नव्हती. विहीर गऊमावशीची होती, आणि ती शेजारीच मातीच्या ढिगावर बसून आमचं भांडण ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं.

“राहू दे गं पोरी,” ती म्हणाली. “पाण्याचा सवाल आहे. उगा कशाला.”

मग मी पाय काढून घेतला.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मी एस.टी.त कंडक्टर होते. बायका नुकत्याच कंडक्टर व्हायला लागल्या होत्या, त्यामुळे खेड्यापाड्यातली माणसं तिकिटाआधी माझ्याकडेच टकामका बघायची. माझी गाडी सिन्नरहून खापरवाडीला जायची. त्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा विहिरींचं पेव फुटलं होतं. वरचा मुरूम संपला की ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या दगड लागतो, आणि त्या दगडाच्या पोटात कधीकधी पोकळी असते. पोकळीत स्फटिक. पांढरे, गुलाबी, मोरपंखी, कधी काचेसारखे लख्ख. लोक त्यांना सरसकट गारगोटी म्हणून बांधावर फेकायचे आणि मी ते वेचायची. एकदा नाद लागला तो लागलाच. गाडी वळायला थांबली की मी बांधावर. माझ्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांपेक्षा दगड जास्त. नवरा म्हणायचा, एखाद दिवशी तू आमटीत हेच टाकशील.

सगळ्या रूटला माझा हा नाद ठाऊक होता. म्हणून तर गऊबाई उगले त्या भांडणाच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीत चढली आणि पैसे पुढे करायच्या ऐवजी तिनं मूठ उघडली.

“कंडक्टरबाई, तुम्ही दगडं गोळा करता ना? हे बघा मपल्या विहिरीत काय निघालं.”

तिच्या तळहातावर बोराएवढा तुकडा होता. हिरवा. कोवळ्या कैरीच्या आत असतो तसा हिरवा, आणि सगळ्या अंगानं टोकं फुटलेली. त्याचं पुस्तकातलं नाव अॅपोफिलाइट. हिरवा मी याआधी बघितला होता, पण तो एकेकटा, फिकट. असा गोळा होऊन वाढलेला कधीच नाही. मागून लोक ओरडत होते, अहो बाई तिकीट द्या, आणि मी तशीच उभी.

“कुठं होता हा?”

“काल सुरुंग उडवला. सांजच्याला एका गड्याला भिंतीत भोक दिसलं, त्यानं हात घातला तर टोचलं. हे तुटून हातात आलं. आत अजून लई हाय म्हणतो, पण भोक हाताएवढंच. अंधारात त्याला काय दिसलं नाही.”

“मावशी, कुणी हात लावायचा नाही. मुकादमाला सांगा, माझी उद्या सुट्टी आहे, मी येते. तोवर सुरुंग थांबवा.”

“थांबवते की. पण माझं एक काम हाय.” ती माझ्या शेजारच्या सीटवर टेकली. “मला ते सगळं बघायचंय. फोडायच्या आधी. आख्खं. लगीन होऊन आले तेव्हापासून मी त्या वावरात बाजरी पेरते. मालक गेले, मी पेरतच राहिले. अन् माझ्या पायाखाली हे असं होतं, मला पत्ताच नाही. घ्यायचं ते घ्या तुम्ही. मला एकदा बघू द्या.”

मी तिला शब्द दिला. गाडीत, लोकांच्या देखत.

आता हा शब्द पाळायचा तर नुसती माझी छिन्नी-हातोडी पुरली नसती. म्हणून मी दातीर डॉक्टरला फोन केला. मुकुंद दातीर, सिन्नरचा दातांचा डॉक्टर. नावातच दात, असं सगळे म्हणायचे आणि तोही हसायचा. माझी दाढ काढायला गेले तेव्हा त्याच्या कपाटात स्फटिक दिसले, आणि दाढ राहिली बाजूला. तेव्हापासून आम्ही मिळून दगड शोधत होतो. तो गोड बोलायचा, हात हलका. दात कोरायच्या बारीक सुया वापरून तो स्फटिकांमधली माती अशी काढायचा की एक टोक दुखावायचं नाही. माझी माहिती, त्याचा हात. दर वेळी निम्मं-निम्मं, आणि कधी खटका उडाला नव्हता.

तर त्या दिवशी मला वरच बसायला सांगितल्यावर खाली जाणार कोण? दातीर डॉक्टर. तो आधीच चपला काढून, टॉर्च गळ्यात अडकवून तयार होता.

“सानपबाई, तुम्ही चिडू नका,” तो म्हणाला. “त्यांची श्रद्धा आहे. मी आहे ना.”

“मला बघायचंय ते ध्यानात हाय ना, डॉक्टर?” गऊमावशी उठली.

त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. “मावशी, मी आधी भोक मोठं करतो. मग आजूबाजूचा दगड कापत कापत भिंतच्या भिंत मोकळी करतो. तशीच्या तशी वर आणून तुमच्या पुढ्यात ठेवतो. मग तर झालं?”

मावशीचं तोंड केवढं फुललं! तिनं घरातून दोन जुनी लुगडी आणली, गुंडाळायला. मऊ झालेली, धुऊन धुऊन विरलेली.

मुकादमानं एकच अट घातली. दिवस मावळायच्या आत सुरुंगाच्या भोकांत दारू भरून बार उडवायचा होता. एक दिवस फुकट गेला होता, दुसरा तो घालवणार नव्हता. डॉक्टर म्हणाला, एवढा वेळ पुष्कळ झाला.

तो खाली गेला. आम्ही दोघी काठावर. खालून छिन्नीचा आवाज यायला लागला, टण टण, सावकाश, एका लयीत. मला तो आवाज ऐकून बरं वाटलं. मधेच तो ओरडला, “भोक मोठं झालं! अहो सानपबाई, काय आहे हे! काय आहे!”

“काय आहे?” मी ओणवी झाले. खाली नुसता टॉर्चचा ठिपका दिसत होता.

“सांगतो, सांगतो!”

त्यानं सांगितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, हे दोन गडी वर घ्या, यांच्या हालचालीनं दगड हादरतोय. गडी वर आले आणि बिड्या काढून बसले. मी विचारलं, आत काय दिसलं? ते म्हणाले, आम्हाला बघू कुठं दिलं, तेच भोकाला तोंड लावून बसलेत.

मावशीनं चहा टाकला. विहिरीच्या नारळाची गोष्ट तिनं मला तेव्हा सांगितली. खोदकामाचा मुहूर्त केला तेव्हा पहिली कुदळ तिच्या पुतण्यानं मारली, नारळही त्यानंच फोडला. कारण ती विधवा. “मपली विहीर, मपलं वावर, अन् मला म्हणले लांब उभी राहा.” ती हसत सांगत होती. मला हसू येईना. राग यायला मला फार लागत नाही, पण त्या रागाला तोंड द्यायला तिथं समोर कुणी नव्हतं.

आणि तेवढ्यात खालचा आवाज बदलला.

टण टण थांबलं. एकदम बद्द आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग खळ्ळ. कासाराकडे बांगडी चढवताना फुटते ना, तसा. पुन्हा एकदा. पुन्हा. मी कप खाली ठेवला.

“डॉक्टर! काय चाललंय?”

परत खळ्ळ.

“ओ डॉक्टर!”

“झालंच! येतो!”

मावशीचं तोंड उतरलं. ती दगडातली जाणकार नव्हती, पण काही फुटल्याचा आवाज कुणाला कळत नाही? मी क्रेनकडे धावले आणि डब्यात चढले. यल्लाप्पा आडवा आला.

“बाई, सांगितलं ना!”

“बाजूला हो.”

“मी यंत्र चालू करू देणार नाही.”

मी त्याला काय बोलले असते कुणास ठाऊक, पण माझ्याआधी मावशी बोलली.

“सोड तिला खाली.”

“मावशी, पाणी...”

“पाणी गेलं तर मपलं जाईल. तुझी मजुरी तुला मिळंल. सोड म्हणते ना!”

मी तिला तसं ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. यल्लाप्पानं क्रेनवाल्याला हात केला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

डबा टेकला तेव्हा डॉक्टर पाठमोरा होता. हातात मोठा हातोडा. छिन्नी बाजूला पडलेली. त्यानं वळून बघितलं आणि चक्क खूश झाला.

“अरे, आलात? बरं झालं. हे आधी धरा.”

त्यानं लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. मी लुगड्याचा पदर बाजूला केला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही सगळं विसरले. मोसंब्याएवढा गोळा, चहूबाजूंनी हिरवी टोकं, खाली सायीच्या रंगाचा दगड, आणि टॉर्च पडला की आतून उजेड आल्यासारखा. एवढा सुंदर स्फटिक मी आजपर्यंत दुसरा पाहिलेला नाही.

“आणि बाकीचे?”

त्यानं टॉर्च भिंतीकडे वळवला. देव्हाऱ्याएवढी पोकळी होती. भोक आता चांगलं डोकं जाईल एवढं केलेलं. आत भिंतीला जागोजाग पांढरे डाग होते, गोळे उखडले तिथले. खाली जाड्या मिठासारखा हिरवा चुरा साचलेला.

“सुरुंगानं फुटले?” मी विचारलं. मलाच माझा प्रश्न खोटा वाटत होता.

“नाही, मी फोडले,” तो म्हणाला. दाढ काढली, पाण्यानं चूळ भरा, अशा आवाजात. “दहा-बारा होते हो असे. सगळे वर गेले असते तर काय झालं असतं? प्रत्येकाच्या शोकेसमध्ये एकेक. मग याला कुत्रं विचारत नाही. आता हा एकच. दुनियेत एकच, सानपबाई! तुमचा आणि माझा. बाहेर मोठे मोठे संग्राहक असंच करतात.”

“मावशीला बघायचं होतं.”

“अहो, तिला काय कळतंय त्यातलं! मोठा तुकडा देऊ तिला एक. देव्हाऱ्यात ठेवेल, हळदीकुंकू वाहील, खूश होईल.”

“तुम्ही तिच्या हातात हात देऊन सांगितलंत.”

“तसं सांगावंच लागतं. त्याशिवाय तिनं उतरू दिलं असतं का?”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या विहिरीत कळलं. माझे कान गरम झाले. आणि हा माणूस मला समजावत होता! मी त्याच्या बाजूचीच आहे, माझं भलंच केलंय, असं धरून चालला होता.

“थांबा, मागं एक बारका राहिलाय,” तो म्हणाला आणि वाकला.

“डॉक्टर, नाही! हात लावाल तर...”

खळ्ळ.

माझ्या देखत. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. मी हातोडा हिसकावला आणि सुरुंगाची भोकं पाडताना ओतलेल्या पाण्यानं झालेल्या चिखलात भिरकावला. तो दचकला. मग म्हणाला, “अहो, असं काय करता? दगडच आहे शेवटी.”

“दगडच आहे? मग एवढा जीव टाकून तो एक कशाला ठेवलात? तोही फोडायचा की! चोरानं चोरी करावी, पण निदान घर तरी जाळू नये!”

“आवाज खाली. वर ऐकू जातंय.”

“जाऊ दे! सगळ्या खापरवाडीला जाऊ दे!”

मी लुगड्यातला गोळा पोटाशी धरला आणि डब्यात चढले. तोही एक पाय टाकायला आला.

“गाडी भरली,” मी म्हणाले. “मागच्या गाडीनं या.”

आणि वर बघून ओरडले, घ्या वर.

वर आल्यावर मी लुगडं मावशीच्या मांडीवर उलगडलं. तिनं गोळ्याला बोट लावलं, टोचलं तसं मागं घेतलं, पुन्हा लावलं.

“एकच?”

“एकच. बाकीचे त्यानं फोडले.”

“हात लागून?”

“हातोड्यानं. मुद्दाम.”

तिला ते समजेना. पडलं-झडलं तिला समजलं असतं. कुणी चोरून नेलं असतं तर तेही समजलं असतं. हे काय, ते तिला समजेचना. “का पण?” ती म्हणाली. “त्याचं काय घेतलं होतं त्या गोळ्यांनी?”

मी दातओठ खात उभी राहिले. मावशीनं गोळा माझ्याकडे दिला, चपला काढल्या आणि डब्यात जाऊन बसली. यल्लाप्पा काही बोलायला गेला.

“एक गेलीच हाय,” ती त्याला म्हणाली. “आता दुसरीनं काय बुडतंय?”

डबा खाली गेला. थोड्या वेळानं रिकामा वर येईल असं वाटलं तर त्यात डॉक्टर होता, चिखलानं माखलेला. मावशीनं त्याला वर धाडून दिलं होतं आणि त्याचा टॉर्च ठेवून घेतला होता. मी काठावरून बघत होते. खालचा उजेड भिंतीवर सावकाश फिरत होता. एका जागी थांबायचा, मग पुढं सरकायचा.

इकडे डॉक्टरची भुणभुण सुरू. “सानपबाई, तो द्या इकडे, उन्हात धरू नका. हे बघा, काढला मी, मेहनत माझी. तुमचं निम्मं कुठं जात नाही.”

“एक शब्द बोललात तर तुमचेच पुढचे दोन दात तुमच्या हातात देईन.”

गडी हसले. मी हसण्यासारखं बोललेच नव्हते.

मावशी वर आली तेव्हा तिच्या ओच्यात हिरवा चुरा होता. दोन ओंजळी असेल. तोंडावर काही दिसत नव्हतं. ती यल्लाप्पाला म्हणाली, “भरा सुरुंग.” मग डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली.

“विहीर कोणाची?”

“तुमचीच मावशी, पण...”

“दगुड कोणाचा?”

“किंमत तुम्ही म्हणाल ती देतो. मावशी, ऐका माझं, असा दुसरा नाही कुठं. आता तर नाहीच.”

“ते बघून आले की.”

तिनं माझ्याकडून गोळा घेतला आणि घराकडे चालायला लागली. डॉक्टर माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, शप्पथ सांगते. “तुम्ही तरी समजवा हो. ती त्याची वाट लावेल! तिला जपता येणार नाही!”

तेव्हा माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की आवाज माझ्या ताब्यात नव्हता. जपायची भाषा कोण करतंय? म्हातारीला आयुष्यात एक गोष्ट बघायची होती, तिच्याच जमिनीतली, ती तुम्ही तिच्याच पायाखाली बसून फोडलीत. मला वर बसवलं त्या रूढीनं, तिला वर बसवलं त्या रूढीनं, आणि तुम्हाला पुरुष म्हणून खाली जायला मिळालं, ते यासाठी? शेवटी शिव्याही दिल्या. एस.टी.त राहून शिव्या चांगल्या येतात. गडी बिड्या विझवून ऐकत होते. तो स्कूटरकडे गेला.

सुरुंग उडाला तेव्हा अजून उजेड होता. जमीन हादरली, धुराळा वर आला, आणि ती पोकळी जिथं होती तिथं काही राहिलं नाही.

पाण्याचं म्हणाल तर ते लागलं. शेजाऱ्यांना जेवढ्यावर लागतं तेवढ्यावरच. दोन बायका उतरून गेल्या तरी लागलं. यल्लाप्पा म्हणाला, त्यानं मागाहून गुपचूप नारळ दिला होता म्हणून. दे बाबा, दे. त्यानंतर मी कुणाला विचारत बसले नाही. जिथं पोकळी लागल्याचं कळलं तिथं मी स्वतः उतरले. कुणी अडवलं तर भांडून उतरले. डॉक्टरबरोबर मात्र पुन्हा एकही दगड शोधला नाही.

आणि मावशीनं त्या गोळ्याचं काय केलं? विहिरीला कठडा बांधला तेव्हा गवंड्याकडून सिमेंटात बसवून घेतला. वरच्या बाजूला, पाण्याला येणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असा, निम्मा आत, निम्मा बाहेर. मी बघितलं आणि नखानं त्याच्यावरचं सिमेंट खरवडायला लागले. मीही शेवटी संग्राहक.

“मावशी, अहो, खराब होईल! उन्हापावसात, साबणाच्या पाण्यात...”

“होऊ दे. बघतील तरी लोकं.”

बायका त्याच्याशेजारी हंडे टेकवायच्या. पोरं त्याला बोट लावून बघायची. एक-दोन टोकं गेली. कुणी नवी सून आली की तिला आधी तो दाखवायची पद्धतच पडली.

दातीर डॉक्टर दरवर्षी यायचा. गाडी विहिरीपाशीच वळते, त्यामुळे एकदा मी तिथं असताना आला. केस पांढरे झाले होते. आल्या आल्या तो कठड्याशी गुडघ्यावर बसला, खिशातून दात घासायचा मऊ ब्रश काढला आणि टोकांमधला साबणाचा थर घासायला लागला. मावशी धुणं पिळत होती. तिनं त्याला ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही.

“मावशी,” तो म्हणाला, “काढू द्या ना हा. तुम्हाला सगळा कठडा नवीन बांधून देतो. फरशी बसवून देतो.”

“काढा की,” मावशी म्हणाली. “फोडायची तर तुम्हाला सवयच हाय.”

सिमेंटाला छिन्नी लावली की पहिल्या घावाला गोळा जाणार, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. मला बरं वाटलं. का खोटं बोलू, फार बरं वाटलं.

मग मावशीनं पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि त्याच्याजवळ येऊन कठड्यावर टेकली. आवाजात राग नव्हता.

“डॉक्टर, एक सांगा. मी उतरले तेव्हा सगळं फुटलेलं. ही कंडक्टरबाई आली तेव्हाबी फुटलेलं. ते आख्खं बघणारा माणूस जगात एकच, तुम्ही. कसं दिसत होतं?”

त्यानं ब्रश खाली ठेवला.

“हिरवं होतं,” तो म्हणाला.

“ते मला ठावं हाय. चुरा बघितला मी. आत कसं होतं? वरच्या अंगाला होते का गोळे? एकमेकांना लागून होते का लांब लांब? टॉर्च मारल्यावर काय झालं?”

तो आठवत होता. खरंच आठवत होता, मला दिसत होतं. मावशी वाट बघत होती, तशीच, गाडीत मूठ उघडून माझ्याकडे बघत होती तशी.

“मावशी, मी...” तो म्हणाला. “मी सगळ्यात मोठा कोणता ते बघत होतो. बाकी मी बघितलं नाही.”